गिरजाचे सुटे शब्द

कुंभारवाड्यापासून रानात आत गेलं की ओढ्याच्या दोन अंगांना विखुरलेली एक वाडी आहे. त्या वाडीतल्या नागू वेळिपाची थोरली लेक गिरजा. भात पोटरीत आलं की रानडुकरं शेतात उतरतात, त्यांना हाकलायला माळ्यावर बसून आरोळ्या द्याव्या लागतात. नागूच्या शेताची राखण गिरजा करायची आणि तिची आरोळी पलीकडच्या टेकडीवर जाऊन थडकायची. माणसं म्हणायची, नागूच्या घरात पोरगी जन्मली न्हाई, शिंग जन्मलंय.

शिकायलाही ती बरी होती. रामनगरला भिकाजीमामाच्या घरी राहून मराठी शाळेतून एस्सेल्सी, म्हणजे दहावी, पास झाली आणि वाडीला परत येऊन बालवाडीत पोरांना शिकवू लागली. गुंद गावातलं एक चांगलं स्थळ आलं. सुपारी फुटली. मे महिन्यात लग्न करायचं ठरलं.

एकोणनव्वद सालचा एप्रिल होता. भिरंडं, म्हणजे कोकमं, पिकून लाल झाली होती. आमसुलं वाळवायला घरोघर बायका रानात जात होत्या. गिरजा आईबरोबर गेली. खालची फळं आधीच कुणीतरी नेली होती म्हणून ती झाडावर चढली. अशी ती शेकडो वेळा चढली असेल. फांदी आतून वाळलेली होती हे वरून कळलं नाही. ती पाठीवर पडली आणि मानेखाली दगड आला.

पार्वती, तिची आई, ओरडत धावली. गिरजाचे डोळे उघडे होते. तिला काही दुखत नव्हतं.

"आये," ती म्हणाली, "माझे पाय कुठं हायत?"

पाय तिथंच होते. पार्वतीनं ते हातात धरले होते.

घोंगडीची झोळी बांबूला बांधून माणसांनी तिला डांबरी रस्त्यावर आणलं आणि लाकडाच्या लॉरीतून बेळगावला नेलं. मानेतला मणका मोडला होता. खांदे हलतील, कोपर थोडं वाकेल, त्याखालचं काही परत येणार नाही, असं डॉक्टरांनी नागूला बाजूला घेऊन सांगितलं. नागूनं ते घरी कुणाला सांगितलं नाही. सांगावं लागलंही नाही. पाऊस सरला, भात कापून झालं, तरी गिरजा उठली नाही, तेव्हा सगळ्यांना कळलं.

गुंदाकडून निरोप घेऊन एक म्हातारा आला. ओसरीवर मान खाली घालून बसला आणि न जेवताच गेला. आतल्या खोलीत गिरजानं सगळं ऐकलं. कुणाला दोष द्यावा असं त्यात काही नव्हतं.

मग सुरू झाली ती पार्वतीची राखण. एका कुशीवर फार वेळ राहिलं तर अंगाला घाव पडतात. म्हणून पार्वती शेतातून मधेच येऊन लेकीला कूस बदलून द्यायची. गिरजाला जोरानं खोकता येत नसे. छातीत कफ घरघरू लागला की पार्वती दोन्ही तळवे तिच्या बरगड्यांखाली ठेवून दाबायची आणि दोघींनी मिळून एक खोकला काढायचा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तहान लागली की गिरजानं नुसती मान वळवावी, आईनं तांब्या घेऊन यावं. दिवसच्या दिवस मायलेकींना बोलायची गरज पडत नसे. गिरजाचा आवाज तसाही बारीक झाला होता. श्वास पुरत नव्हता. एका दमात चार शब्द, मग थांबायचं.

अशी सात वर्षं गेली.

रामनगरच्या दवाखान्यातली नर्स ताराक्का भिकाजीमामाच्या ओळखीची. एकदा मामाबरोबर ती वाडीला आली. गिरजाची पाठ तिनं नीट पाहिली, एकही घाव नव्हता. ती पार्वतीकडे बघतच राहिली. मग तिनं बेळगावच्या एका संस्थेची गोष्ट काढली. असे मोडलेले लोक तिथं राहतात, काही ना काही शिकतात.

"शिकून काय करणार?" नागू म्हणाला. "हात तर हलत न्हाईत. परक्याच्या दारात टाकून येऊ व्हय लेकीला?"

पार्वती चुलीपाशी होती. तिथूनच बोलली, "माझे हात किती दिस पुरतील? जाऊ दे तिला."

संस्थेत पायऱ्यांऐवजी उतार होते, म्हणजे चाकाची खुर्ची कुठंही जायची. काशीबाई नावाची आया गिरजाचं सगळं करायची. बाई चांगली, पण तिच्या हाताखाली बरेच जण. प्रत्येक गोष्ट सांगावी लागायची आणि सांगताना गिरजाला जड जायचं. काशीबाई वैतागत नसे, पण कधीकधी उठताना तिच्या तोंडून सुस्कारा निघायचा. तो ऐकला की गिरजा पुढची दोन कामं गिळून टाकायची.

कंप्युटरची खोली दत्तात्रय सरांची. लहानपणी पोलिओ झाला होता, एका पायानं कुबडीवर चालायचे. कुणा परदेशी दात्यानं पाठवलेला एक प्रोग्राम त्यांच्याकडे खोक्यात पडून होता. माणसानं बोलायचं आणि कंप्युटरनं ते ऐकून करायचं. सरांनी स्वतः करून पाहिला होता. हात चालत असताना एवढी कटकट कोण करणार म्हणून ठेवून दिला होता. गिरजाला पाहिल्यावर त्यांनी तो बाहेर काढला.

डोक्याला एक पट्टा, पट्ट्याला काडी, काडीच्या टोकाला ओठांपाशी माइक. सरांनी पंखा बंद केला, खिडकी लावली.

"हे बघ गिरजा," ते म्हणाले, "ह्याला फक्त इंग्लिश येतंय. आणि सलग बोललेलं कळत नाही. एक शब्द म्हणायचा, थांबायचं, मग दुसरा. घाई करायची नाही."

"मला तसंच बोलता येतंय सर," गिरजा म्हणाली. "दम पुरत न्हाई."

सर हसले.

पहिल्यांदा मशिनाला तिचा आवाज ओळखवायचा होता. पडद्यावर इंग्रजी शब्द येत, ते वाचायचे. परत वाचायचे. एस्सेल्सीचं इंग्रजी बहुतेक विसरलेलं, आणि जे आठवत होतं ते रामनगरच्या तोंडाचं. 'वेक अप' म्हटलं की मशीन जागं व्हायला हवं, 'गो टू स्लीप' म्हटलं की झोपायला. गिरजाचा 'वेक' त्याला पटेना. सर म्हणायचे ओठ गोल कर. ती ओठ गोल करून म्हणायची आणि पडद्यावर भलताच शब्द उमटायचा. खोकली तर खोकल्याचाही शब्द व्हायचा. बाहेरच्या व्हरांड्यात कुणी बादली आपटली तरी मशीन काहीतरी लिहून मोकळं व्हायचं. चुकलं की पडद्याच्या कोपऱ्यात शब्दांची एक यादी उघडायची. त्यातला बरोबर शब्द कितवा आहे ते बघून 'चूज टू', 'चूज फोर' असं म्हणायचं. यादीत नसलाच तर एकेक अक्षर सांगायचं, तेही साधं नाही. ए म्हणायचं नाही, अल्फा म्हणायचं. बी नाही, ब्राव्हो. अक्षरांचे आवाज सारखे असतात, मशीन गोंधळतं.

थोड्याच वेळात तिचा घसा कोरडा पडायचा, डोकं भणभणायचं. कित्येकदा सरांनी तो पट्टा काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी ती परत यायची. खोटं नाही, हट्टानंच यायची. बाकी खोलीत करण्यासारखं काय होतं?

मग पावसाळ्याच्या अखेरीस एका सकाळी सर खोलीबाहेर गेले असताना तिनं 'वेक अप' म्हटलं आणि मशीन जागं झालं. तिनं फाइल उघडायला सांगितली, उघडली. खाली जायला सांगितलं, पडदा खाली सरकला. फाइल मिटली, परत उघडली, परत मिटली. लिहिलं काहीच नाही. सर आले तेव्हा ती तेच करत होती.

"काय चाललंय?"

"काही न्हाई सर. सांगतेय, आणि ते करतंय."

मशीन सुस्कारा टाकत नव्हतं. हे ती सरांना बोलली नाही.

दिवाळीला पार्वती भेटायला आली. बरोबर धाकटा लेक झिलू होता. पुरचुंडीत फोव, म्हणजे घरचे पोहे, आणि गूळ. तिनं आधी लेकीची पाठ तपासली, टाचा तपासल्या, काशीबाईचं कौतुक केलं. मग कंप्युटरच्या खोलीत भिंतीला टेकून बसली. गिरजानं तिला करून दाखवलं. अनोळखी भाषेतला एकेक शब्द लेक तोंडातून काढते आहे आणि समोरच्या काचेत काहीतरी हलतं आहे, हे पार्वती पदर तोंडाला लावून बघत होती.

"ह्याला आपलं बोलणं कळत न्हाई व्हय गं?"

"न्हाई आये. इंग्लिशच कळतंय."

"मग तू काय म्हणालीस ते मला कसं कळायचं?" पार्वती म्हणाली. पुढं म्हणाली, "शिकव की त्याला. तू पोरांना शिकवायचीस न्हवं?"

जाताना तिनं लेकीच्या बरगड्यांवर हात ठेवून एक खोकला काढून दिला. छाती मोकळी झाली. झिलूनं बाहेरून हाक मारली, बस चुकेल म्हणून.

फेब्रुवारीत उळवीची जत्रा भरली. पार्वती लेकीसाठी नवस बोलली होती, म्हणून चालत गेली. परतली ती तापानं फणफणत. वाडीत दोन दिवस पाला-मुळी झाली. मग झोळी करायची ठरली, पण झोळी बांधेपर्यंत ती राहिली नाही.

झिलू संस्थेत आला तेव्हा गिरजा दारासमोरच्या उन्हात खुर्चीवर होती. त्याच्या डोक्यावर टोपी होती. जवळ येऊन त्यानं टोपी काढली. डोकं तुळतुळीत होतं.

"बाबा?" गिरजानं विचारलं.

झिलूनं मान हलवली. "आये," तो म्हणाला आणि तिच्या खुर्चीच्या पायाशी बसला.

ती रडली नाही. झिलू म्हणाला, बाराव्याला जीप करून तुला न्यायचं मामानं ठरवलंय. ती बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं काशीबाईला कंप्युटरच्या खोलीत न्यायला सांगितलं. सर नको म्हणत होते. ती ऐकेना. पट्टा लावला, पंखा बंद केला.

"वेक अप," ती म्हणाली.

मशीन जागं झालं नाही. परत म्हटलं, परत नाही. तिसऱ्यांदा कसंबसं झालं, पण मग जे बोलेल ते चुकायला लागलं. महिनोन्‌महिने घोटलेले शब्द, मशीन ओळखच देईना.

"तुझा आवाज बदललाय गिरजा," सर हळूच म्हणाले. "त्याला तू वाटत नाहीस."

"मीच हाय."

"मला माहीत आहे. त्याला नाही. आज राहू दे. ह्या आवाजात रेटून बोललीस तर तो हाच आवाज धरेल आणि पुढं पहिला ओळखणार नाही."

गिरजानं ओठ मिटले. तिला खोकला आला, पण निघेना. तो बरगड्यांत अडकला आणि तिथं कुणाचे तळवे नव्हते. तिच्या तोंडून निघालं, "आये!"

पडद्यावर एकच इंग्रजी अक्षर उमटलं. आय. म्हणजे मी. कोपऱ्यात यादी उघडली आणि यातला कुठला शब्द हवा म्हणून मशीन वाट बघत राहिलं.

सरांनी हात लांब करून माइक बंद केला. काशीबाई धावत आली. तिनं बरगड्या दाबल्या, चुकीच्या जागी, मग गिरजानं सांगितल्यावर बरोबर जागी. खोकला निघाला आणि त्याच्यामागून रडणं निघालं. गिरजाला स्वतःचे डोळे पुसता येत नव्हते. काशीबाई पदरानं पुसत राहिली.

बाराव्याला ती वाडीला गेली. जीप रस्त्यावर थांबली, तिथून माणसांनी तिला उचलून आणलं. तिची जागा तीच होती, भिंतीकडची. पाहुणे जेवून गेले, घर ओस झालं. झिलूची बायको शांता गिरजाच्या उशाशी बसून तांदूळ निवडत होती. गिरजाला तहान लागली. तिनं मान वळवली. शांतानं वर पाहिलं, हसली, परत सुपात बघू लागली. गिरजानं पुन्हा मान वळवली.

कुणी आलं नाही.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "पाणी."

शांता सूप टाकून उठली. तिनं पाणी पाजलं. "किती वेळ तहान लागली होती, वन्सं?" शांता तिथंच बसली. "माझ्यावर राग धरू नका. सासूबाईंना जे न बोलता कळायचं, ते मला न्हाई कळायचं. तुम्ही सांगत जावा. सांगितल्यावर न्हाई म्हणले तर मग बोला मला."

गिरजानं तिच्याकडे नीट पाहिलं. नवीन लग्न झालेली मुलगी होती, सासूच्या बाराव्याला अंगणापासून चुलीपर्यंत एकटी राबली होती.

"अजून पाणी दे," गिरजा म्हणाली. "आणि मला त्या अंगाला वळव. आधी खांदा धर, मग कंबर."

बेळगावला परतल्यावर आवाज हळूहळू ठिकाणावर आला. मशिनानं तिला ओळखायला सुरुवात केली. तेव्हा तिनं सरांना विचारलं, ह्याला मराठी कसं शिकवायचं?

सर म्हणाले, शिकणार नाही, त्याच्या डोक्यात मराठी घातलेलंच नाही. पण दोन दिवसांनी तेच एक वाट घेऊन आले. कंप्युटरवर मराठी अक्षरांचा टाइप बसवता येत होता. छापखानेवाले तोच वापरत. इंग्रजी कळ दाबली की मराठी अक्षर उमटायचं. गिरजा कळ दाबू शकत नव्हती, पण कळीचं नाव तर म्हणू शकत होती. कुठल्या कळीखाली कुठलं अक्षर, कुठं काना, कुठं वेलांटी, ते सगळं तिनं पाठ केलं. मशिनाला वाटायचं ही बाई इंग्रजी अक्षरं सांगते आहे. पडद्यावर मराठी उमटत होतं.

तिनं पहिला शब्द काढला तो 'पाणी'. सरांना नवल वाटलं. माणसं आपलं नाव लिहितात.

"इथं आल्यापासून ह्योच शब्द जास्त बोलले," गिरजा म्हणाली. "घरी कधी लागला न्हाई."

त्यात वेग असा नव्हताच. रफार सगळ्यात छळायचा; भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसायचा. एक ओळ व्हायला चांगला वेळ जाई. पण तिच्याकडे वेळ होता, आणि चूक राहिलेली तिला खपत नसे. अठ्ठ्याण्णवमध्ये संस्थेनं तो कंप्युटर तिला वापरायला दिला. वाडीला न्यायचा प्रश्नच नव्हता, तिथं वीज पाहुण्यासारखी यायची. भिकाजीमामानं रामनगरच्या आपल्या दुकानामागची खोली रिकामी केली. शांता आणि झिलू आळीपाळीनं येऊन राहू लागले, ताराक्का पाठ बघून जाऊ लागली. बाजारातला छापखानेवाला वासू आधी दया म्हणून एक लग्नपत्रिका देऊन गेला. पत्रिका तयार झाली तेव्हा त्यानं ती दोनदा वाचली आणि चूक न सापडल्यावर दया सोडून तगादा लावायला लागला. पुढं शाळांच्या प्रश्नपत्रिका, देवस्थानांची निमंत्रणं, संघांचे अहवाल यायला लागले.

नागू एकदाच ती खोली बघायला आला. लेकीच्या मागं उभा राहून बराच वेळ ऐकत होता. किलो. अल्फा. टँगो. मधे थांबणं. परत एक शब्द.

"पूर्वी टेकडीपर्यंत जायचा तुझा आवाज," तो म्हणाला.

"आता इथवर जातो, बाबा," गिरजानं हनुवटीनं पडदा दाखवला. "पण जातो."

नागूनं मान डोलावली. मग खाली बसून त्यानं डोक्याचं मुंडासं सोडलं आणि त्यात तोंड लपवलं. गिरजानं काम थांबवलं. 'गो टू स्लीप' म्हणाली, आणि बाप गप्प होईपर्यंत दोघं तसेच बसून राहिले.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात संस्थेनं तिला महिनाभर बोलावून घेतलं. खानापूरकडचा तुकाराम म्हणून एक लॉरी ड्रायव्हर आला होता. घाटात लॉरी उलटून त्याची मान गेली होती. दोन पोरं होती. तो कुणाशी बोलत नव्हता. सरांनी पट्टा लावला की डोळे मिटून घ्यायचा.

काशीबाईनं गिरजाची खुर्ची त्याच्या शेजारी लावली. गिरजानं शिकवायची घाई केली नाही. पहिले दिवस नुसती शेजारी बसली. तो कधी पाण्यासाठी काशीबाईकडे बघायचा आणि नजर परत फिरवायचा, ते तिला दिसायचं.

"तोंडानं मागा," ती एकदा म्हणाली. "लाज वाटू देऊ नका. मागितल्याबिगर कळत न्हाई माणसांना."

त्यानं तिच्याकडे रागानं पाहिलं. दुपारी त्यानं पाणी मागितलं.

त्यानंतर आठवडाभरानं तो माइकपुढं बसला. इंग्रजीचा गंध नव्हता, त्यामुळं तिनं शब्द मराठी अक्षरांत मोठ्ठे छापून भिंतीला लावून घेतले. तो एक शब्द म्हणायचा, मशीन दुसराच लिहायचं. तो कानडीत शिवी हासडायचा, मशीन तीही इंग्रजी समजून लिहायचं. काशीबाई दारात हसून लोळायची. तुकारामालाही एकदा हसू फुटलं आणि लगेच त्याचा चेहरा उतरला.

"मला न्हाई जमायचं हे, बाई. माझं आयुष्य स्टेअरिंगवर गेलं."

"जमतंय. तुम्ही जोडून बोलताय. तोडा. एक शब्द, मग श्वास."

"किती दिस लागले तुम्हाला?"

गिरजानं आठवून पाहिलं. "मोजले न्हाईत," ती म्हणाली. "म्हणा परत."

त्यानं श्वास घेतला. भिंतीवरचा शब्द वाचला, थांबला, पुढचा वाचला. पडद्यावर चुकीचं उमटलं आणि कोपऱ्यात यादी उघडली. तो पडद्यावरून नजर काढणार, तेवढ्यात गिरजा म्हणाली, "थांबा, बघा नीट. तिसरा तुमचाच हाय."

तुकारामानं मान पुढं केली. यादीतलं इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं. वरून मोजत तो तिसऱ्या ओळीवर आला, मग तिसरा निवडायला काय म्हणायचं ते त्यानं भिंतीवरच्या कागदावर शोधलं.

"चूज," तो म्हणाला. थांबला. "थ्री."